दोन सायकली, एक कुलूप

सोलापुरातल्या झाडून सगळ्या चोरांना दुसरा उद्योग नाही, ते फक्त आपल्या सायकलीवर डोळा ठेवून बसलेत, अशी रुद्रप्पाची पक्की समजूत होती. लग्नाला गेला तर पंगतीत अशा जागी बसायचा की तिथून सायकल दिसावी. मग पानात काय पडतंय याकडं त्याचं लक्ष नसायचं. शिरा संपून भात आला तरी हा शिऱ्याच्या जागीच बोटं फिरवत असायचा. देवळात हात जोडले तरी एक डोळा देवावर आणि एक दाराबाहेर. त्याची बायको रत्नम्मा म्हणायची, "देवालाच सांगा की जरा बघायला. तो बी रिकामाच बसलाय." रुद्रप्पाला यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही.

याला कारण होतं. लग्नात सासऱ्यानं त्याला सायकल दिली होती. काळी, भरभक्कम, पुढं डायनामोचा दिवा असलेली. लग्नानंतरच्या पहिल्याच गड्ड्याच्या जत्रेला तो रत्नम्माला डबलसीट घेऊन गेला, सायकल एका भिंतीला लावली, दोघं पाळण्यात बसून खाली आले, आणि भिंत तेवढी जागेवर होती. कुलूप घातलेलं होतं. चोरानं कुलपासकट उचलून नेली. बापानं दिलेली सायकल, आता नवी नवरी रडणार, म्हणून रुद्रप्पाच घाबरला. पण रत्नम्मा अक्कलकोटकडची, तिच्या तोंडात कानडी आधी यायची. ती म्हणाली, "होगली बिड्री." जाऊ द्या, सोडा आता. एवढं बोलून ती चालायला लागली आणि दुसऱ्या दिवशी विसरलीसुद्धा. रुद्रप्पानं पुढं पैसे साठवून दुसरी सायकल घेतली, पण विसरणं त्याला जमलं नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात; हा तर त्या दिवसापासून पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागला.

पोटासाठी तो अक्कलकोट रोडच्या एका टॉवेलच्या कारखान्यात माग चालवायचा. राहायला कुंभारीला, कामगारांच्या वसाहतीत. कारखान्यात मोटारसायकलींना आत शेड होती, सायकलींनी मात्र बाहेर, कंपाउंडच्या भिंतीला टेकून राहायचं. त्या रस्त्यानं भंगाराचे टेम्पो जायचे यायचे. एकटीदुकटी सायकल दिसली की दोघं जण उतरायचे आणि उचलून आत टाकायचे. कुलूप काय करणार? चाक फिरू देत नाही एवढंच, उचलणाऱ्याचा हात थोडाच धरतं! रुद्रप्पा मागावर उभा असायचा आणि त्याचा सगळा जीव भिंतीपलीकडं.

तिथंच त्याला रावजी भेटला. रावजी पॅकिंग खात्यात टॉवेलचे गठ्ठे बांधायचा. मूळचा केमचा, शेतकऱ्याच्या घरातला. भावाभावांत जमिनीचे तुकडे झाले तेव्हा बायको बजाबाई आणि तान्ही पोरगी उत्कर्षा यांना घेऊन इकडं आला आणि कुंभारीलाच राहिला. रुद्रप्पा रोज दुपारच्या सुट्टीत भाकरी हातात घेऊन गेटबाहेर येतो आणि सायकलीजवळ उभा राहून खातो, हे त्यानं चार दिवस पाहिलं. पाचव्या दिवशी तो आपली सायकल ढकलत आला.

"आमच्यात दोन द्वाड वासरं आसली की एका दाव्याला बांधत्यात, तोंडं दोनीकडं करून," तो म्हणाला. "ह्ये हिकडं वढतंय, त्ये तिकडं वढतंय, जात कुनीच न्हाय."

त्यानं आपली सायकल रुद्रप्पाच्या सायकलीला उलटी लावली. एकीचं तोंड सोलापूरकडं, एकीचं कुंभारीकडं. दोन्हींच्या चाकांतून आणि नळ्यांतून एकच जाड साखळी फिरवली आणि एक कुलूप घातलं. आता ढकलायची म्हटली तर ती जाणार कुठं? उचलायची म्हटली तर दोन सायकलींचा गुंता, पायडल एकीकडं अडकतंय, हँडल दुसरीकडं. रुद्रप्पानं दोन-तीनदा हिसका देऊन पाहिला. मग पहिल्यांदाच त्या कारखान्यात त्यानं खाली बसून भाकरी खाल्ली.

साखळी रुद्रप्पाची, कुलूप रावजीचं. किल्ल्या दोन. रावजीची करदोट्याला, रुद्रप्पाची शर्टाच्या आतल्या खिशात. सकाळी दोघं मिळून लावायचे, पाळी सुटली की दोघं मिळून काढायचे, आणि कुंभारीच्या रस्त्याला एकामागं एक लागायचे. रावजी पुढं, रुद्रप्पा मागं. मागं राहिलं की दोन्ही सायकली नजरेत राहतात, असं रुद्रप्पाचं म्हणणं.

पुढं असं झालं की एकदा रावजी कुणा पाहुण्याच्या लग्नाला म्हणून लवकर निघाला. आपली सायकल त्यानं सोडवली, रुद्रप्पाच्या सायकलीला साखळी नीट घातली आणि गेला. संध्याकाळी रुद्रप्पा बाहेर आला तर सायकल होती, पण सीट नव्हती. कुंभारीपर्यंत त्यानं उभ्यानं पायडल मारलं. वसाहतीतली पोरंसोरं मागं धावली, बायका दारात येऊन हसल्या. आणि रुद्रप्पा तरी कसला माणूस! एका सीटपायी तो आठवडाभर रावजीशी बोलला नाही. शेजारी शेजारी सायकली लावायचे, कुलूप घालायचे, आणि हा तोंड फिरवून आत जायचा. शेवटी रावजीनंच एका सकाळी कुलपावर हात ठेवून शपथ घेतली.

"ह्यापुडं तू आल्याबिगर मी कुलपाला हात लावनार न्हाय. घरला आग लागू दे. झालं का समादान?"

रुद्रप्पाचं समाधान झालं. तोही तसंच वागायला लागला. एखाद्याची सुट्टी आधी झाली तर तो भिंतीच्या सावलीत बसून दुसऱ्याची वाट बघायचा. एकट्यानं कुलूप काढायचं नाही. अशी वर्षं गेली, तान्ही उत्कर्षा मोठी झाली. पुढं पुढं कारखान्यातल्या लोकांना त्या दोघांची थट्टा करायचाही कंटाळा आला, इतकं ते अंगवळणी पडलं.

यंदा चैत्रात, उन्हानं डांबर मऊ पडलं होतं तेव्हाची गोष्ट. पाळी सुटली. रुद्रप्पा डबा घेऊन बाहेर आला तर रावजी आधीच सायकलींना पाठ टेकून खाली बसलेला, टोपी डोळ्यांवर ओढलेली.

"पॅकिंगवाल्यांची मजा हाय बाबा," रुद्रप्पा म्हणाला. "आमी आत घाम गाळायचा, हे हितं झोपा काढणार. ऊठ की."

रावजी उठला नाही. रुद्रप्पानं किल्ली काढली आणि पायानं त्याच्या पायाला हलकंसं ढोसलं. रावजी बाजूला कलला. टोपी पडली.

कुणीतरी टेम्पो थांबवला. रुद्रप्पा मागं बसून त्याचं डोकं मांडीवर घेऊन गेला. दवाखान्यातल्या डॉक्टरनं हात लावून सांगितलं की मघाशीच संपलंय. सायकली तशाच राहिल्या भिंतीला.

गेटवरचा वॉचमन महेश्वर. त्यानं दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. रावजीला दुपारीच बरं वाटत नव्हतं. सुपरवायझरनं घरी जा म्हणून सोडलं. तो गेटबाहेर आला, घामानं चिंब, आणि सायकलीजवळ बसला. "रिक्षा बोलावतो म्हणालो," महेश्वर म्हणाला. "नको म्हणाला. आत निरोप देऊन तुम्हाला बोलावू का, तर तेही नको. म्हणाला, त्याचे माग बंद नको पाडू. येईलच की पाळी सुटली की. मी आत्ता गेलो तर रुद्रप्पाची सायकल एकटी पडंल."

रुद्रप्पानं हे ऐकलं आणि आत जाऊन माग सुरू केला.

माग चालवणाऱ्याला एक गोष्ट माहीत असते. दिवसभर त्या खडखडाटात काढून बाहेर आलं की काही वेळ कानात काही शिरत नाही. समोरचा बोलतोय ते दिसतं, ऐकू येत नाही. चहाचा एक कप होईपर्यंत कान मोकळे होतात. रुद्रप्पाचे त्या दिवसानंतर झालेच नाहीत, आणि नुसते कानच नाही, सगळा माणूसच तसा झाला. रडू आलं नाही. रावजीला सरणावर ठेवलं तेव्हा तो उभा होता आणि लोक काय करतायत ते बघत होता. जेवायला बसला की जेवायचा, रत्नम्मानं एकदा आमटीत मीठच घातलं नव्हतं तरी मुकाट्यानं संपवली. चपलेचा खिळा वर आला होता, टाच रक्तानं माखली, ते फरशीवरचे डाग पुसताना रत्नम्माला कळलं. "दुखत नाही का?" तिनं विचारलं. त्यानं टाचेकडं पाहिलं आणि म्हणाला, "दुखत असंल."

कामाला तो वडापच्या जीपनं जायला लागला. सायकली भिंतीला तशाच. त्याच्या खिशात किल्ली होती. कधीही काढून आपली सायकल घेऊन येता आली असती. तो रोज त्यांच्यापाशी क्षणभर थांबायचा, साखळी जागेवर आहे का बघायचा आणि आत जायचा. टायर बसले. पावसाळा झाला, साखळी गंजली. रावजीच्या सायकलीच्या कॅरियरमध्ये रानवेल घुसला. आणि मौज बघा, इतक्या महिन्यांत चोर काय, कावळासुद्धा त्या सायकलींवर बसला नाही. रावजीची युक्ती अशी फळाला आली.

माणसाला खरं भय कशाचं असतं ते सांगितलेलं बरं. रुद्रप्पाला बजाबाईचं भय होतं. स्मशानातून आल्यावर तो तिच्या दारात गेला नाही, तेराव्याला गेला नाही. तिचं घर दोन गल्ल्या सोडून. तिथून पाण्याच्या टाकीकडं जायचा रस्ता त्यानं सोडून दिला आणि लांबून वळसा घालायला लागला. ती काहीच बोलली नसती तर चाललं असतं. पण तिनं एकदा विचारलं असतं की भावजी, माझा नवरा जीव जात असताना तिथं कशासाठी बसला होता, तर काय सांगणार? माझ्या सायकलीसाठी, वहिनी. आणि सायकलीसाठी का, तर एकदा सीट गेली म्हणून मी त्याच्याशी आठवडाभर बोललो नव्हतो. हे वाक्य त्यानं मनात बऱ्याचदा जुळवून पाहिलं होतं. ते कसंही जुळवलं तरी त्याला स्वतःलाच ऐकवत नव्हतं.

दिवाळी झाली. एका सकाळी महेश्वर गेटवर आडवा आला.

"रुद्रप्पा, त्या सायकली काढा. गटारीचं काम निघालंय. उद्या जेसीबी येणार, भिंतीपासून रस्त्यापर्यंत सगळं साफ. ठेकेदाराचा माणूस बघून गेला. म्हणाला, असंल ते भंगारात."

"बरं," रुद्रप्पा म्हणाला.

दिवसभर तो मागावर होता आणि कितीदा तरी धागा तुटला तरी त्याच्या लक्षात आलं नाही. माग आपोआप थांबायचा आणि हा त्याच्यापुढं उभा. पाळी सुटल्यावर तो बाहेर आला. आज काढावं लागणार होतं. एकट्यानं. किल्ली चिमटीत धरून तो भिंतीच्या कडेनं निघाला आणि थबकला.

सायकलींपाशी बजाबाई बसली होती. बरोबर त्याच जागी, भिंतीला पाठ लावून. शेजारी पिशवी. ती आता एका दुकानाला कडक भाकऱ्या करून देते, तव्याच्या धगीनं मनगटं काळी पडलेली. रुद्रप्पाला वाटलं आल्या पावली मागं फिरावं. पण तिनं पाहिलं होतं.

"या भावजी," ती म्हणाली. "महेश्वरनं फोन केला. म्हनला आज सायकली काडायच्यात. म्हनलं तुमी एकटं कसं काडणार. एकट्यानं काडायचं न्हाय आसं ठरलेलं हाय ना तुमच्यात?"

तिनं मूठ उघडली. रावजीची किल्ली. करदोट्याचा काळा दोरा अजून तिला तसाच होता.

रुद्रप्पा तिच्यासमोर उभा राहिला. बरेच महिने जुळवलेलं ते वाक्य एकदम तोंडातून बाहेर पडलं, जुळवलेलं होतं तसं मुळीच नाही.

"वहिनी, तो माझ्या सायकलीपायी बसला हितं. माझ्यामुळं गेला. मी एका सीटसाठी रुसलो होतो त्याच्यावर, म्हणून त्यानं शपथ घेतली, म्हणून तो..."

"कुनी सांगितलं?"

"महेश्वरला तो बोलला. रुद्रप्पाची सायकल एकटी पडंल म्हणून."

बजाबाईनं किल्लीचा काळा दोरा बोटाला गुंडाळला. मग म्हणाली, "बायकूनं बस म्हनलं म्हनून बसलोय, आसं कुटला बाप्या सांगतोय वॉचमनला?"

रुद्रप्पाला कळलं नाही.

"मला फोन केलता त्येंनी," ती म्हणाली. "छातीत कसंतरीच हुतंय, निगतो घरला, म्हनले. मीच म्हनले, एकटं येऊ नगा. त्या रस्त्याला ह्ये मोटे ट्रक, चक्कर आली तर खाली जाल. रुद्रप्पा भावजी सुटंपातूर बसा, आन् त्येंच्यासंगं या. मी बसीवलं त्यांना हितं, भावजी. रिक्षा करा म्हनायचं सुचलंच न्हाई बगा. रिक्षा. एवडंसं म्हनायचं हुतं."

ती रडत नव्हती. हे सगळं तिनंही बऱ्याचदा मनात जुळवलेलं असणार, इतकं ते सरळ आलं.

"तुमी दारात आला न्हाई, तवा मला वाटलं तुमाला समजलंय. म्हनलं त्येंचा जोडीदार आपलं तोंड बगायला तयार न्हाई, बरूबरच हाय. मी बी मग टाकीकडं जायची वाट बदलली."

"तुम्ही पण?" रुद्रप्पा म्हणाला. दोघं एकमेकांना चुकवायला दोन वेगळ्या बाजूंनी वळसे घालत होते, म्हणून टाकीची सरळ वाट इतके दिवस दोघांवाचून रिकामीच राहिली होती.

तो तिच्याजवळ खाली बसला. थोड्या वेळानं त्यानं किल्ली कुलपात घातली. फिरली नाही. बजाबाईनं तिची घालून पाहिली. तीही नाही. पावसानं आत गंज भरला होता. रुद्रप्पा आत जाऊन मागाच्या तेलाची बुधली घेऊन आला आणि भोकात तेल सोडलं.

"किती येळ लागंल?"

"मुरू दे जरा."

दोघं बसून राहिले. समोरून उसाच्या ट्रॉल्या गेल्या.

"आठ दिवस बोलला न्हवता तुमी त्येंच्याशी," बजाबाई मध्येच म्हणाली. "रोज घरी येऊन तुमची नक्कल करायचे. गाल फुगवून, तोंड भिंतीकडं. पोरगी लई हसायची."

रुद्रप्पाला हे ठाऊक नव्हतं. आठवडाभर रावजी दुखावला असेल असं तो आजपर्यंत धरून चालला होता.

मग त्यानं किल्ली पुन्हा घातली आणि जोर लावला. कुलूप एकदम उघडलं, साखळी सुटली आणि तिच्या कडीत त्याचं बोट चिमटलं. "अय्यो!" तो ओरडला. बोटाला रक्त आलं. दुखलं, लई दुखलं, डोळ्यांत पाणी येईल इतकं दुखलं, आणि पाणी आल्यावर ते बोटापुरतं राहिलं नाही. तो भिंतीकडं तोंड करून रडला. बजाबाईनं पदराची चिंधी फाडून त्याच्या बोटाला बांधली आणि त्याला हवं तेवढं रडू दिलं.

साखळी निघाली तशा एकमेकींना टेकलेल्या सायकली कलल्या. रुद्रप्पानं हात पुढं केला तो रावजीच्या सायकलीला. त्याची स्वतःची सायकल खडाडकन पडली. त्यानं तिच्याकडं वळूनही पाहिलं नाही. बजाबाईनंच ती उचलून उभी केली.

बसलेल्या टायरांच्या सायकली ढकलत दोघं कुंभारीच्या रस्त्याला लागले. पंक्चरवाला थोडा पुढं होता.

"उत्कर्षा सोमवारपासून पॅकिंगला यायला लागंल," बजाबाई म्हणाली. "त्येंच्याच जागी घेतलंय. सायकल तिलाच देनार. ही किल्ली बी."

"साखळी आहे माझ्याकडं," रुद्रप्पा म्हणाला. "लावत जाऊ दोघं. गटार झाल्यावर भिंतीला जागा असंलच."

बजाबाई थांबली. तिच्या हातात रुद्रप्पाची सायकल होती, तिचं हँडल तिनं घट्ट धरलं.

"लावा. पर एक सांगते, भावजी. पोरीला कदी बरं वाटंना झालं, तर तिनं तुमची वाट बगायची न्हाई. कुलूप काडायचं आन् निगायचं. तुमची सायकल पडू दे एकटी."

रुद्रप्पानं तिच्या हातातल्या आपल्या सायकलीकडं पाहिलं. गंजलेली चाकं, फाटलेली सीट. तीस वर्षांपूर्वी जत्रेत रत्नम्मा जे म्हणाली होती ते त्याला आजवर कधी म्हणता आलं नव्हतं.

"निघू दे तिला," तो म्हणाला. "गेली सायकल तर गेली. होगली बिड्री, वहिनी."

बजाबाईला कानडी येत नव्हती, पण रत्नम्माच्या तोंडी हे तिनं ऐकलेलं होतं. तिनं मान हलवली आणि सायकल पुढं ढकलली. या खेपेला ती पुढं होती, आणि रावजीची सायकल धरून रुद्रप्पा मागं.